मातीचा तास

(कलाशिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



दिवाळीची सुट्टी लागली की महाराष्ट्रातील गल्लीबोळांत मुले माती कालवू लागतात. दगडविटांचा सांगाडा रचून त्यावर गोणपाट अंथरले जाते, चिखल थापला जातो, बुरूज चढतात, माची निघते आणि अळीव पेरून तटाखाली रान उगवते. सांगाडा, भराव, उतार, प्रमाण हे शिल्पकलेचे पहिले धडे मुले तेथे कोणीही न शिकविता गिरवितात. तीच मुले सुट्टीनंतर ‘प्रकल्प’ म्हणून एखादा पुठ्ठ्याचा देखावा शाळेत आणतात, तेव्हा तो बहुधा आदल्या रात्री वडिलांनी कापलेला असतो. गुण अर्थातच देखाव्याला मिळतात. किल्ल्याला नाहीत.

आपल्या सणांच्या मालिकेकडे पाहिले तर मातीकामाचा आयता अभ्यासक्रमच हाती येतो. नागपंचमीचा नाग, पोळ्याचे बैल, भाद्रपदातील गणपती, नवरात्रातील घट, दिवाळीची पणती, संक्रांतीचे सुगड. वळी करणे, गोळ्याला आकार देणे, पोकळ भांडे उभारणे या साऱ्या क्रिया त्यात सोप्याकडून अवघडाकडे येतात. एके काळी घराघरांत हे चाले. आज सारे बाजारातून येते, आणि घराने सोडलेले काम शाळेने उचललेले नाही.

शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे उदाहरण येथे आठवावे. अलिबागजवळच्या सासवणे गावी १८९१ साली त्यांचा जन्म झाला. घरात गणपतीच्या मूर्ती घडत असत, त्यामुळे माती त्यांच्या हाताला पाटीपेन्सिलीइतकीच परिचयाची होती. गावातील देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवछत्रपतींचे चित्र कुलाब्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले आणि त्यांनी त्याला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडले. पुढे याच हातांनी पुण्यातील शिवरायांचा अश्वारूढ पुतळा साकारला. १९२८ साली उभा राहिलेला तो पुतळा आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवतो. सासवण्याच्या मुलाला एक परका अधिकारी ओळखू शकला; आपल्या वर्गातील असा मुलगा आपल्याला ओळखता येईल काय? वर्गात माती आलीच नाही, तर तो कशावरून ओळखायचा?

दोष मेकॉलेच्या माथी मारून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. परंतु आजची वेळापत्रके आपणच आखलेली आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या राज्याच्या रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन आहे, मातीकाम नाही. मग पालकही विचारतात की, याचे गुण किती? पस्तीस मिनिटांच्या तासात माती भिजवून, मळून, काम करून हात धुवायचे कधी, ही शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. त्यावर उपाय एकच. आठवड्यातील दोन तास जोडून घ्यावेत आणि अपुरे राहिलेले काम ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे.

शाळांतून गणेशमूर्तींच्या कार्यशाळा अलीकडे पुष्कळ होतात, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि साच्यात गोळा दाबून काढलेली मूर्ती म्हणजे मूर्तिकला नव्हे. साच्यातून निघालेल्या चाळीस मूर्तींत चाळीस मुलांपैकी एकही सापडत नाही. हाताने घडविलेल्या गणपतीची सोंड वाकडी झाली तरी चालेल. प्लास्टर ऑफ पॅरिस तर शाळेच्या उंबऱ्याबाहेरच ठेवावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनीही नैसर्गिक मातीचाच पुरस्कार केला आहे. पर्यावरणाइतकेच दुसरेही कारण आहे. प्लास्टर काही मिनिटांत दगड होते आणि चूक कायमची होते. न भाजलेली माती पाण्यात भिजविली की पुन्हा माती होते. मुलाला मोडण्याची भीती राहत नाही.

मातीची जातही शिक्षकाने ओळखावी. शाडू मऊ व गुळगुळीत, मूर्तीला उत्तम; पण ती भाजण्यासाठी नव्हे. पणती किंवा सुगड करायचे तर कुंभाराची माती हवी. ती चांगली मळून आतील हवा काढावी, जोडाच्या दोन्ही बाजू ओरखडून त्यावर पातळ चिखल लावावा, जाडी अंगठ्याहून अधिक ठेवू नये आणि वस्तू सावलीत सावकाश वाळवावी. ओल राहिलेली जाड वस्तू भट्टीत फुटते, कारण आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट मिळत नाही. विज्ञानाच्या तासाला फळ्यावर सांगितलेली वाफ येथे आवाज करून भेटते!

आता सर्वांत नाजूक मुद्दा. वर्गातील कुंभाराच्या मुलाला हे सारे सातव्या वर्षी ठाऊक असते. पण शाळेत त्या ज्ञानाला जागा नाही, म्हणून तो हाताला लागलेला चिखल लपवून वर्गात येतो. समाज समरस व्हावा असे आपण व्यासपीठावरून सांगतो, आणि त्याच्या घरची विद्या मात्र दाराबाहेर ठेवतो. तो मुलगा पुढे चाक सोडतो, त्याबद्दल त्याला दोष देणार कसा? त्याने चाकच चालवावे असा आग्रह नाही. त्याने डॉक्टर व्हावे, अभियंता व्हावे. वडिलांच्या कलेची लाज त्याला वाटू नये, एवढेच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शाळेची कल्पना आहे आणि स्थानिक कारागिरांकडे शिकण्याच्या यादीत कुंभारही आहे. ते दहा दिवस सहलीत घालवू नयेत. गावातील कुंभारकाकांना रीतसर निमंत्रण द्यावे, पाहुण्याला देतो ते मानधन द्यावे, मुख्याध्यापकांनी त्यांना आपल्या शेजारी बसवावे. फिरते चाक आणावे, मुलांचे हात त्यावर ठेवू द्यावेत. आणि त्यांचा मुलगा त्या वर्गात असेल, तर माती मळण्याचे काम त्या दिवशी त्याने इतरांना शिकवावे.