‘रिकामंच आहे’

  

मला बारा मिनिटं दिली आहेत. विषय आहे परवानाधारकांचं शस्त्र प्रशिक्षण आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर सुरक्षित बाळगणं. परवाना कसा काढतात, कोणत्या बोअरचं शस्त्र मिळतं, यात मी वेळ घालवणार नाही. ज्यांच्याकडे शस्त्र आहे त्यांना हे पाठ आहे. मला एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते वाक्य म्हणजे, ‘रिकामंच आहे.’

माझी नोकरी शस्त्रागारात गेली. वीस-बावीस वर्षं मी पोलिसांची शस्त्रं खोलली, पुसली, जोडली आणि नव्या पोरांना चांदमारीवर उभं केलं. निवृत्तीनंतर परवानाधारक माझ्याकडे विचारायला येतात. कोणी आडत व्यापारी असतो, कोणी पेट्रोल पंपवाला, कोणी आखाड्यावर राहणारा शेतकरी. 5 एप्रिल 2022 ला नांदेडात एका बांधकाम व्यावसायिकाची घरासमोर गोळ्या घालून हत्या झाली, त्यानंतर तर माझ्याकडे बरेच जण आले. त्यांची भीती खोटी नाही. पण घरात आल्या आल्या ते कमरेचं पिस्तूल काढून माझ्या टेबलावर ठेवतात आणि माझी नजर तिकडे गेली की म्हणतात, ‘सर, रिकामंच आहे.’

मी काही बोलत नाही. पिस्तूल उचलतो, नळी सुरक्षित बाजूला धरतो, मॅगझिन काढतो, स्लाइड मागे ओढतो. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण काही वेळा टेबलावर एक जिवंत काडतूस टणकन पडतं. त्या क्षणी त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालेलं मी पाहिलं आहे. तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसं खरंच वाटत होतं. माझं भांडण या वाटण्याशी आहे.

आपल्याकडची शेतीची लाईन कशी असते हे तुम्हाला सांगायला नको. कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. मोटार चालत नाही म्हणून माणूस स्टार्टरपाशी जातो. समोरच्या वस्तीवर अंधार दिसतो, घरची माणसंही सांगतात लाईट नाही. तो वायरला हात घालतो आणि त्याच घटकेला लाईन येते. असा एखादा माणूस आपल्या जवळपासच्या गावानं गमावलेला असतोच. म्हणून जुना, जाणता वायरमन काय करतो? लाईट गेलेली असो, डीपीवरचा फ्यूज त्यानं स्वतःच्या हातानं काढलेला असो, तो आधी टेस्टर लावतो. प्रत्येक तारेला लावतो. त्याच्या लेखी तार जिवंतच असते.

हेच पिस्तुलाला लावा. मॅगझिन काढणं म्हणजे एक फ्यूज काढणं. तीन फेज असतात ना? एक फ्यूज काढला म्हणून उरलेल्या दोन तारा मेल्या का? चेंबरमधलं काडतूस ही ती उरलेली जिवंत तार आहे. मॅगझिन खिशात घालून जो पिस्तूल दुसऱ्याच्या हातात देतो, तो एक फ्यूज काढून भावाला वायर धरायला सांगतो.

आणि क्रम. हे नीट ऐका, कारण चूक इथे होते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची. उलट केलं तर काय होतं? माणूस आधी स्लाइड ओढतो. चेंबरमधलं काडतूस बाहेर पडतं, त्याला बरं वाटतं. पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस सोबत घेऊन चेंबरमध्ये बसवते. मग तो मॅगझिन काढतो. आता एक काडतूस टेबलावर, मॅगझिन हातात, आणि एक काडतूस पिस्तुलात. पहिल्या दोन गोष्टी त्यानं स्वतः केल्या, स्वतः पाहिल्या, म्हणून तो छातीठोकपणे सांगतो की रिकामंच आहे.

कोणी म्हणेल, आमच्या पिस्तुलात मॅगझिन काढल्यावर चाप चालतच नाही. काही पिस्तुलांत ती सोय असते, सगळ्यांत नसते. आणि आजोबांच्या परवान्यावरून वारसानं आलेल्या हत्यारातली ती कळ झिजली आहे की शाबूत आहे, हे घरबसल्या कोण सांगणार? सोयीवर विसंबू नका. टेस्टर लावा. इथे टेस्टर म्हणजे तुमचे डोळे, आणि अंधारात तुमची करंगळी. स्लाइड मागे अडकवून चेंबरमध्ये पाहायचं, मग करंगळीचं टोक आत घालून चाचपायचं. पुन्हा एकदा पाहायचं.

आता रिव्हॉल्व्हर. बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे पुष्कळांपाशी आहे. कानपूरच्या कारखान्यानं 2014 साली ‘निर्भीक’ नावाचं जेमतेम अर्ध्या किलोचं हलकं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, तेही याच बोअरचं. रिव्हॉल्व्हरमध्ये मॅगझिनची भानगड नाही. सिलिंडर उघडा आणि सहाच्या सहा घरं मोजा. पाच मोजून थांबू नका. 1 ऑक्टोबर 2024 ची पहाट आठवा. अभिनेते गोविंदा जुहूच्या घरी प्रवासाला निघायच्या तयारीत होते. स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर ठेवताना हातातून सुटलं, गोळी उडाली आणि डाव्या पायात शिरली. हल्लेखोर नव्हता, भांडण नव्हतं. शस्त्र भरलेलं होतं, एवढंच. जुन्या बनावटीचं रिव्हॉल्व्हर असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवायची रीत त्यासाठीच आहे. घोडा म्हणजे मागचा, चाप म्हणजे बोटाखालचा. बोलताना लोक दोन्हींची गल्लत करतात. आणि शस्त्र हातातून सुटलंच, तर पडू द्या. झेलायला जाऊ नका. झेलताना बोट नेमकं चापावर जातं. फरशीला पोचा पडला तर पडू द्या.

आता एक गोष्ट मला मनापासून खटकते. आपले नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे बघा. मुदखेडला केंद्रीय राखीव पोलीस दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे. लातूरलाही त्याच दलाचं आहे. चाकूरला सीमा सुरक्षा दलाचं आहे. बाभळगावला राज्य पोलिसांचं प्रशिक्षण विद्यालय आहे. देशभरातली पोरं आपल्या मातीत येऊन शस्त्र शिकतात. त्या पोरांना पहिल्या दिवशी कोणी गोळी देत नाही. आधी नुसतं धरायचं, खोलायचं, जोडायचं, रिकाम्या शस्त्रावर शिस्त धरायची. त्यानंतर चांदमारी. चांदमारी संपली की प्रत्येक शस्त्र तपासल्याशिवाय कोणी जागचं हलत नाही. आणि इथून काही मैलांवर राहणारा आपला परवानाधारक मंगळवारी दुकानातून पिस्तूल आणतो आणि बुधवारी कमरेला लावून लग्नाला जातो.

कायद्यानं हे असं चालायला नको. 2016 च्या शस्त्र नियमांत परवाना मागणाऱ्यानं सुरक्षिततेचं प्रशिक्षण घ्यावं असं स्पष्ट आहे. शस्त्र हाताळणं, बाळगणं, नेम, देखभाल, साठवण आणि ने-आण, सगळं त्यात येतं. तुमच्यातल्या कित्येकांनी प्रमाणपत्र घेतलं आहे. मी विचारतो, त्यानंतर शस्त्र कधी हातात धरलं? दरवर्षी एकदा तरी अधिकृत रेंजवर, जाणकार प्रशिक्षकासमोर दहा-वीस गोळ्या झाडल्या का? परवाना म्हणजे सराव नव्हे. ड्रायव्हिंग लायसन्स खिशात ठेवून दहा वर्षांनी कोणी थेट ट्रॅक्टर-ट्रॉली काढत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला नेमबाजीत ऑलिंपिक कांस्यपदक मिळवलं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण नेमबाजीच्या रेंजवरची एक पद्धत फार कमी लोकांना ठाऊक आहे. नेमबाज शस्त्र खाली ठेवतो तेव्हा त्याच्या चेंबरमध्ये एक भडक रंगाची दोरी, सेफ्टी फ्लॅग, घालून ठेवतो. ती दोरी दिसते म्हणजे आत काडतूस नाही. ऑलिंपिकचा पदकविजेता असला तरी ‘रिकामंच आहे’ या त्याच्या शब्दावर तिथे भागत नाही. डोळ्यांना दिसलं पाहिजे. मग आपल्या बैठकीत पाहुण्यासमोर शब्दावर कसं भागतं?

बाळगण्याकडे येतो, वेळ पळतोय. नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच खोळीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं आणि त्यावर तुमचा ताबा हवा. होल्स्टर म्हणजे स्टार्टरची पेटी समजा. पेटीला झाकण कशासाठी असतं? लेकराचा हात, म्हशीचं शिंग, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. होल्स्टरनं चाप पूर्ण झाकला पाहिजे, आणि ते ताठ हवं. मऊ पडलेल्या कातड्याच्या होल्स्टरची कड आत वळते आणि पिस्तूल ठेवताना तीच कड चाप दाबते. मी नुसतं कमरेत खोचलेलं पाहिलं आहे, शर्टाचं टोक चापाच्या कडीत अडकलेलं पाहिलं आहे. आपल्या आडवळणाच्या रस्त्यांवर, मोटारसायकलवर, असं खोचून जायचं म्हणजे... असो. शस्त्र ठेवताना घाई नाही. बोट चापाच्या बाहेर, नळीच्या बाजूनं सरळ. होल्स्टरकडे पाहत हळू ठेवा.

आणि गाडीच्या कप्प्यात, बॅगेच्या खणात सुटं काडतूस राहू देऊ नका. विमानतळावरच्या तपासणीत ते सापडतं, मग परवाना दाखवत बसावं लागतं, आणि विमान निघून जातं.

आता दसऱ्याच्या शस्त्रपूजेबद्दल. नांदेडला शस्त्रांचा मान वेगळा सांगायची गरज नाही. इथे श्री गुरू गोविंदसिंगजींचं तख्त आहे. दिवाळीच्या सुमारास तख्त स्नानाला गोदावरीचं पाणी आणून जुनी शस्त्रं किती अदबीनं स्वच्छ करतात ते तुम्ही पाहिलं असेल. मान असा असतो. आपल्या घरी मात्र दसऱ्याला भरलेलं पिस्तूल पाटावर ठेवतात, वर हळदी-कुंकू, अक्षता, फुलं. भोवती सगळी लेकरं गुडघ्यावर बसलेली. कुंकू आत गेलं की ओल धरते आणि गंज चढतो, हा वेगळाच तोटा. पूजा करा, जरूर करा. आधी मॅगझिन काढा, मग स्लाइड, मग चेंबर पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मग पाटावर ठेवा.

लग्नात, मिरवणुकीत, वाढदिवसाला हवेत बार काढण्याबद्दल एकच सांगतो. 2019 च्या दुरुस्तीनं त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी कोणाच्या तरी पत्र्यावर, कोणाच्या तरी अंगणात उतरतेच. पिस्तूल हातात घेऊन मोबाईलच्या स्टेटसला फोटो टाकणाऱ्या पोरांच्या बापांनी शेजारच्या बीडकडे पाहावं. 2024 च्या अखेरीला तिथे शस्त्रं मिरवणाऱ्या चित्रफितींवरून गदारोळ झाला, परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द झाले. त्यात खरी गरज असणारेही धास्तावले.

समोरून खूण झाली, दोन मिनिटं उरली. घरात साठवणीबद्दल बरंच बोलायचं होतं. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या गादीखाली नाहीत, इतकं तूर्त लक्षात ठेवा. पिकाच्या राखणीसाठी बाराबोर ठेवणाऱ्यांचा विषय तर राहूनच गेला. रात्री रानडुकरावर बॅटरी मारून उभं असताना मागे कोण झोपलं आहे, तो... तो पुढच्या वेळी, बोलावलंत तर.

पण एक गोष्ट राहू देणार नाही. घरातलं कोणी कर्जानं, आजारानं, मनानं खचलं असेल तर शस्त्र घरात ठेवू नका. स्वतः जाऊन पोलीस ठाण्यात जमा करा, पावती घ्या, दिवस बरे आले की परत आणा. त्यात कमीपणा नाही. त्या माणसाजवळ बसा आणि 14416 या टेलि-मानसच्या नंबरवर फोन लावून द्या. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आता माझं ऐकून झाल्यावर तुमच्यातला एखादा कपाट उघडेल, म्हणून शेवटी पुन्हा सांगतो. लेकरांना आधी बाहेर पाठवा. नळी माणूस नसलेल्या बाजूला, बोट बाहेर. आधी मॅगझिन. मग स्लाइड. मग डोळ्यांनी चेंबर, मग करंगळीनं. रिव्हॉल्व्हर असेल तर सहा घरं मोजा, सहाच्या सहा.