हुक्क्याचं भांडं आणि आपली तहजीब



हुक्का पार्लरवरच्या बंदीचा विषय निघाला, की काही तरुण मला म्हणतात, "सर, हुक्का तर आपली तहजीब आहे, मुघलांपासूनची." हा दावा आज आपण इतिहासावर घासून पाहू. त्यासाठी मी एक सुंदर वस्तू निवडली आहे: हुक्क्याचं काचेचं भांडं.

हे भांडं म्हणजे हुक्क्याचा खालचा, पाण्याचा भाग. वर चिलीम, तिच्यात तंबाखू, त्यावर निखारा. धूर पाण्यातून बुडबुडत नळीत येतो. मुघल काळातली सुरुवातीची भांडी चेंडूसारखी गोल असत. ती लवंडू नयेत म्हणून खाली कडं ठेवावं लागे. अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची, सपाट बुडाची भांडी रूढ झाली. हिरवी किंवा निळी काच आणि तिच्यावर सोनेरी फुलं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात १७०० च्या सुमाराचं असं काम जपलेलं आहे. ते पाहून अभिमान वाटला, तर तो रास्तच आहे.

पण अभिमान नेमका कशाचा?

तंबाखू मूळची अमेरिकेतली. पोर्तुगीजांनी ती हिंदुस्थानात आणली. अकबराचा दूत असद बेग विजापूरच्या आदिलशाही दरबारात गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४ च्या सुमारास रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. हकिमाने लगेच हरकत घेतली: आमच्या ग्रंथांत या वस्तूचा उल्लेख नाही, ती पारखलेली नाही. असद बेगने जोरदार वाद घातला, अकबराला तो आवडलाही. पण स्वतः बादशहाने पुढे तंबाखू ओढली नाही. जहांगीरने तर १६१७ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. म्हणजे बंदीची मागणी आजची नाही, ती दरबारातही होती.

हकीम अबुल फतह गिलानींनी धूर शुद्ध करण्यासाठी हुक्का शोधला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. तारखा पाहा. गिलानी १५८९ मध्ये वारले. असद बेग तंबाखू घेऊन आला तो त्यानंतर सुमारे पंधरा वर्षांनी. आणि पाण्याने धूर शुद्ध होतच नाही, तो फक्त थंड होतो. निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड छातीत जातातच.

दुसरी गोष्ट. हुक्का मुसलमानांचा नव्हता, तो सत्तेचा होता. राजपूत राजांच्या चित्रांत तो दिसतो. कंपनीच्या इंग्रज साहेबांनीही तो उचलला. १७७९ सालच्या हेस्टिंग्ज दांपत्याच्या एका निमंत्रणात पाहुण्यांना विनंती आहे की हुक्काबरदाराखेरीज नोकर आणू नयेत. हुक्का भरायला, निखारा सांभाळायला वेगळा माणूस लागे. मालक ओढणार, नोकर फुंकणार. यातली कोणती बाजू आपण 'आपली' म्हणणार?

माझं उत्तर सरळ आहे. आपला वारसा धूर नाही, हात आहे. भट्टीच्या झळीत काच फुंकणारा, तिच्यावर सोन्याची पाकळी काढणारा हात. त्या भांड्यांवर बादशाही थाट दिसतो, कारागिराचं नाव मात्र सहसा सापडत नाही. आज फिरोजाबादच्या काचभट्ट्यांवर राबणाऱ्यांत मुसलमान कारागीर मोठ्या संख्येने आहेत. त्यांची मजुरी, त्यांची फुफ्फुसं, त्यांच्या मुलांची शाळा यावर आपण किती बोलतो?

मुंबईत कमला मिल्सच्या आगीत २९ डिसेंबर २०१७ रोजी १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केले. या बंदीवर वाद जरूर घाला. अंमलबजावणीत कुणाला उगाच त्रास होत असेल तर बोला. फक्त तहजीबची ढाल पुढे करू नका.

हैदराबादला गेलात तर सालारजंग संग्रहालयातले बिदरी हुक्के पाहा. काळ्या धातूवरची चांदीची नक्षी बारकाईने बघा. त्या नक्षीकाराला मनातल्या मनात दाद द्या आणि त्याच्या आजच्या वारसांकडून, परवडली तर, एखादी छोटी डबी विकत घ्या.