आराम पडला, पण कशामुळे?

(दारव्हा येथे तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी फार्मसी शिकले. तरी आज सांगणार आहे ती गोष्ट मला माझ्याच घरात उशिरा कळली.

अब्बा गेल्यावर अम्मीची झोप उडाली. कुणीतरी बाजारातून चूर्णाची पुडी आणून दिली. पुडीवर चाँदतारा होता, ‘हकीमी नुस्खा’ लिहिलं होतं. घटकांची यादी मात्र नव्हती. दोन आठवड्यांनी अम्मी म्हणाली, “बेटा, आता झोप लागते.” मी विचारलं, यात आहे तरी काय? मामू रागावले, “बुजुर्गांच्या दव्यावर शक घेतेस?” मी गप्प बसले.

पुढे अम्मीच्या छातीत धडधड सुरू झाली. ती थायरॉईडची गोळी घेत होती. विक्रेत्याकडून एवढंच कळलं, की चूर्णात असगंध आहे. असगंध म्हणजेच अश्वगंधा. तिच्यामुळे थायरॉईडचं प्रमाण वाढू शकतं. डॉक्टरांनी चूर्ण बंद केलं, धडधड थांबली. म्हणजे चूर्णच दोषी? तसंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसाच्या अनुभवावरून ‘गुण आला’ हे सिद्ध होत नाही, तसं ‘बाधलं’ हेही होत नाही. नियम दोन्हीकडे सारखाच.

मग सिद्ध कसं होतं? 2019 साली नवी मुंबईतील डॉ. दीपक लंगडे आणि सहकाऱ्यांनी अश्वगंधेवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. निद्रानाशाचे 60 रुग्ण. 40 जणांना मुळांचा अर्क, 20 जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळतंय हे रुग्णांना माहीत नव्हतं. दहा आठवड्यांनी अर्कवाल्यांना झोप लागायला सरासरी 29 मिनिटं लागत होती, बिनऔषधवाल्यांना सुमारे 34. फरक पाच मिनिटांचा. आणि खरी गंमत पुढे आहे: बिनऔषधाच्या गटाचीही झोप आधीपेक्षा सुधारली होती! आपण काहीतरी घेतोय हा दिलासा, कुणीतरी विचारपूस करतंय ही भावना, आणि वेळ, यांचाही गुण येतो. अम्मीच्या दोन आठवड्यांत यातलं काय होतं, कुणास ठाऊक.

2021 मध्ये अशा पाच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. पाचही मिळून माणसं फक्त 400. निष्कर्ष असा, की झोपेवर परिणाम दिसतो, पण लहान. आणि दीर्घकाळ घेणं सुरक्षित आहे का, हे ठरवायला माहिती अपुरी आहे. दुसरीकडे, अश्वगंधा घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 2023 मध्ये डेन्मार्कनं तिच्यावर बंदी घातली. म्हणून ‘सगळं थोतांड’ म्हणणं चूक, आणि ‘विज्ञानानं सिद्ध केलंय’ म्हणणंही चूक. पुरावा आहे, पण कच्चा आहे.

आता मामूंच्या रागाबद्दल. हकिमी परंपरेचा अभिमान बाळगायचा तर इब्न सीनापासून सुरुवात करू या. ‘अल-कानून’ या ग्रंथात त्यांनी औषध तपासण्याच्या अटी घालून दिल्या आहेत. परिणाम पुन्हा पुन्हा, अनेकांमध्ये दिसला पाहिजे, नाहीतर तो योगायोग समजावा. आणि प्रयोग माणसावरच झाला पाहिजे, कारण जनावरावर दिसलेला गुण माणसाला लागू पडेलच असं नाही. हजार वर्षांपूर्वीचा हकीम जो प्रश्न विचारतो, तो आपण विचारला तर बेअदबी कशी?

तेव्हा कुणी पुडी हातात दिली, की चार प्रश्न विचारा. यात नेमकं काय आणि किती आहे? किती माणसांवर तपासलं? तुलनेला दुसरा गट होता का? आधीच्या गोळ्यांबरोबर चालतं का? उत्तर मिळालं नाही, तर पुडी परत करा. पुडीवरचा चाँदतारा हे उत्तर नव्हे.

अम्मीचं विचाराल तर डॉक्टरांनी आधी सवयी बदलायला सांगितल्या. उठण्याची वेळ रोज एकच, संध्याकाळनंतर चहा बंद, दुपारची लांब झोप बंद. जुनाट निद्रानाशात पहिला उपाय गोळी नव्हे, विचार आणि सवयी बदलणारी थेरपी, अशी शिफारस अमेरिकेतील डॉक्टरांच्या संस्थेनं 2016 मध्येच केली आहे. आणि आम्ही भावंडं रात्री तिच्याशी अब्बांबद्दल बोलू लागलो. कशाचा किती गुण आला, ते मी सांगू शकत नाही. पण यातल्या कशानंही तिच्या छातीत धडधड झाली नाही.

त्या दिवशी मी गप्प बसले. तुम्ही बसू नका. आवाज न चढवता, अदबीनं विचारा, पण विचारा.