सोवळ्यात वाढलेल्यांसाठी
पांढुर्णा-सौसरकडे पोथी, उपास, सोवळं सांभाळत वाढलेल्या मुलांसमोर शरीराचा विषय लग्नापर्यंत निघत नाही. मग नवरा-बायकोच्या जवळिकीतही पाप वाटतं. र. धों. कर्व्यांनी १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं ते अशाच घुसमटलेल्यांसाठी. हस्तमैथुन, समलिंगी ओढ यांवरच्या वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं दिली, म्हणून १९३४ मध्ये खटला! कर्व्यांची बाजू मांडली डॉ. आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, पण हस्तमैथुनानं शक्ती जात नाही, हे आजचं वैद्यकही सांगतं.

सोवळ्याचं कर्मकांड सुटलं तरी शरीराबद्दलची धास्ती लगेच सुटत नाही, आणि त्यात कमीपणा कसला? जोडीदाराशी आधी बोला. ‘नको’ म्हटलं की थांबा. संबंधात दुखत असेल तर सोसू नका, डॉक्टरांना दाखवा. १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारचा किशोर स्वास्थ्य कार्यक्रमही आहे.