मोलाचा गडी आणि उरलेले सहा

माजलगांवच्या मैदानावर हुतूतूचा डाव मांडतांना नामांकित गडी कोणाच्या बाजूला, यावरून तंटा व्हावयाचाच. प्रो कबड्डीच्या लिलावांत हाच तंटा कोटींचा होतो.

२०२२ सालीं तमिळ थलैवाज संघानें पवन सेहरावत यास २ कोटी २६ लाखांस घेतलें. पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला आणि तो हंगामास मुकला; तरीहि उरलेल्या गड्यांनीं उपांत्य फेरी गांठली. २०२३ मध्यें तेलुगू टायटन्सनें ५ कोटींच्या मर्यादेंतून त्याच पवनवर २ कोटी ६० लाखांहून अधिक वेंचले. त्यानें गुण पुष्कळ मिळविले; पण संघ २२ पैकीं अवघे २ सामने जिंकून तळाशीं राहिला.

त्याच लिलावांत पुणेरी पलटणनें इराणच्या मोहम्मदरेझा शादलूईसाठीं २ कोटी ३५ लाख मोजले. मात्र अस्लम इनामदार, मोहित गोयत हे तरुण गडी तिनें आधींच तयार केले होते. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेंत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें नमवून पलटण विजयी झाली.

तेव्हां मोठ्या गड्यास मोठें मोल अवश्य द्यावें. परंतु उरलेल्या सहांची तयारी झाल्यावर. कळस विकत आणतां येतो. पाया मात्र घरींच भरावा लागतो.