हळदीच्या दिवशी जळलेला चेहरा: उन्हाळा, त्वचा, केस आणि एक छोटी ट्यूब

  

आजचा भाग मी तळेगावच्या घरी पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, कारण पंख्याची घरघर माईकमध्ये येते. म्हणजे उन्हाळ्यावर बोलता बोलता मी स्वतः घामाने निथळतोय. ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीसारखं सगळं इथे लिहून देतोय.

गेल्या काही दिवसांत तुमचे मेसेज एकाच विषयावर आलेत. 'दादा, टॅन कसा घालवायचा?' 'हेल्मेटने टक्कल पडतं का?' 'लग्न महिन्यावर आलंय, चेहरा पटकन उजळायला काय लावू?' त्यातल्या शेवटच्या प्रश्नासाठी आजचा भाग आहे. कारण हा प्रश्न आमच्या घरात विचारला गेला होता आणि त्याचं चुकीचं उत्तर मी दिलं होतं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बीटेक केलंय, हिंजवडीत सॉफ्टवेअरचं काम करतो. आज जे सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्वचारोगतज्ज्ञांच्या केबिनमध्ये बहिणीशेजारी मान खाली घालून ऐकलेलं आहे.

आधी उन्हाबद्दल बोलू. आपल्या मावळात एक मोठा गैरसमज आहे, 'इथे कुठे ऊन लागतं, वारा असतो की!' लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. मे महिन्यात पुण्यातून लोक गारव्याला येतात, टायगर पॉइंटला दिवसभर फिरतात आणि रात्री आरशात बघून दचकतात. कारण सोपं आहे. अंगाला जाणवते ती उष्णता, आणि त्वचा काळवंडते ती अतिनील किरणांनी. हे किरण जाणवत नाहीत. वाऱ्याने गार वाटतं, पण वारा ते अडवत नाही. पातळ ढगांतूनही ते बऱ्यापैकी खाली येतात.

त्यात मेच्या मध्यावर सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो. आपल्याकडे तेव्हाच शून्य सावलीचा दिवस येतो. भर दुपारी काठी उभी केली तरी सावली पडत नाही. तुमच्या मोबाईलच्या हवामान ॲपमध्ये यूव्ही इंडेक्स नावाचा आकडा असतो, तो एकदा उघडून बघा. ११ किंवा त्याच्या वर म्हणजे 'अतितीव्र', आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हा आकडा सहज तिथे पोचतो. ॲप नसेल तर स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, सावलीत चला. एवढा साधा नियम आहे.

बरं, मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगला उपाय मी पवन मावळात बघितला. गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये किंवा उन्हाळ्यात शेतात राब भाजायला जाणाऱ्या मावश्या आठवा. साडीवर घरातला जुना फुल शर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. आपण हसतो, पण त्वचेच्या दृष्टीने त्या आपल्यापेक्षा हुशार आहेत. घट्ट विणीचं, अंगभर कापड हे कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचं. ते घामाने वाहून जात नाही आणि दर दोन तासांनी परत लावावं लागत नाही.

टू-व्हीलरवरचा आपला तोंडाला गुंडाळलेला स्कार्फ पण उत्तम. फक्त दोन गोष्टी. एक, कापड उजेडासमोर धरून बघा. आरपार दिसत असेल तर किरणंही आरपार येतात. दुसरी, तो रोज धुवा. कालचा घाम, धूळ आणि तेल आज पुन्हा गालावर घासलं की पुटकुळ्या येणारच. मग आपण क्रीमला दोष देतो.

सनस्क्रीन लावायचं असेल तर भरपूर लावा. आपण वाटाण्याएवढं घेतो आणि अख्ख्या तोंडाला पुरवतो. पाकिटावर लिहिलेलं संरक्षण तेवढ्यात मिळत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ ओढा. एवढं चेहरा आणि मानेला लागतं. एसपीएफ ३० पुरतं. योग्य प्रमाणात लावलं तर ३० हे जवळपास ९७ टक्के किरणं अडवतं आणि ५० हे ९८ टक्के. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे घालवू नका, त्यापेक्षा दुपारी परत लावा. पाकिटावर 'पीए'पुढे तीन अधिकची चिन्हं आहेत का तेवढं बघा, कारण आपल्या वर्णाच्या त्वचेला काळवंडवणारे किरण त्यात मोजले जातात.

घामोळ्यांवर जाड तेल चोळू नका. घामाची छिद्रं बुजलेली असतात, ती आणखी बुजतात. सैल सुती कपडे, गार पाण्याची अंघोळ आणि वारा, बास. आंबा खाताना देठाचा चीक आधी धुऊन काढा. तो ओठाला किंवा गालाला लागला की पोळतं आणि काळा डाग राहतो. आणि कृपा करून लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की भाजल्यासारखे चट्टे उठतात. रील बनवणारा हे सांगत नाही.

आता केस. हेल्मेटने टक्कल पडत नाही, पण ओल्या केसांवर हेल्मेट घातलं की आत घाम आणि ओल साचते, कोंडा वाढतो, खाज येते. केस वाळवा, आत पातळ सुती कापड बांधा, अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवा. केस ओढून घट्ट बांधू नका. ताण रोज एकाच जागी आला तर तिथले केस विरळ होतात.

दुसरी तक्रार पाण्याची. उन्हाळ्यात सोसायट्यांमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. अशा क्षाराच्या पाण्याने केस राठ होतात, गुंततात आणि मधेच तुटतात, हे खरं. शेवटचे दोन तांबे चांगल्या पाण्याचे घेतले तरी फरक पडतो. पण केस मुळासकट गळत असतील तर सगळा दोष पाण्यावर ढकलू नका. दिवसाला ५० ते १०० केस गळणं नॉर्मल आहे. त्याहून जास्त गळत असतील तर दोन-तीन महिने मागे जा. मोठा ताप आला होता का? डाएटच्या नावाखाली जेवण सोडलं होतं का? शरीरात लोह कमी आहे का? २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात अनेकांचे केस काही दिवसांत गळाले, तेव्हाही पहिला संशय पाण्यावर होता. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासण्या केल्या, तेव्हा खाण्यातल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण खूप जास्त आढळलं. दिसतं डोक्यावर, कारण असतं ताटात. असंही होतं.

हां, तर आता त्या ट्यूबकडे येतो. हे सगळं बहिणीला विचारून सांगतोय.

तिचं लग्न मेमध्ये होतं. मार्चमध्ये ती म्हणाली, 'दादा, स्कूटीवरून फिरून चेहरा फार काळा पडलाय, काहीतरी बघ ना.' ऑफिसातल्या एकाने व्हॉट्सॲपवर एका ट्यूबचा फोटो पाठवला, 'माझ्या बायकोला मस्त रिझल्ट आला.' मी मेडिकलमध्ये फोटो दाखवला. चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही काही विचारलं नाही. ट्यूब स्वस्त होती. बहिणीला दिली आणि म्हटलं, 'रोज लाव.'

तीन आठवड्यांत चेहरा खरंच उजळला. मावशी, आत्या, सगळ्या विचारायला लागल्या, काय लावतेस? मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

लग्नघर पाहुण्यांनी भरलं. त्या गडबडीत चार-पाच दिवस तिचं ट्यूब लावणं राहून गेलं. हळदीच्या दिवशी मांडवात आत्याने गालाला हळद लावली आणि बहीण कळवळली. चेहरा लालबुंद, आग आग. नळाखाली तोंड धरून ती रडत होती आणि बाहेर हळदीची गाणी चालू होती. सगळे म्हणाले, हळदीत भेसळ असेल. रात्री तिने परत ती ट्यूब लावली आणि सकाळी लाली ओसरली. झालं! हळद दोषी आणि ट्यूब देवासारखी धावून आली, असा आमचा पक्का समज झाला.

सासरी जाताना ती ट्यूब घेऊन गेली. संपली की नवीन. जूनमध्ये एकदा आठवडाभर मिळाली नाही, तेव्हा मात्र चेहऱ्यावर पुरळ आलं, कातडी सोलली आणि चुलीपुढेच काय, साध्या गॅसपुढेही उभं राहवेना.

डॉक्टरांनी ट्यूब हातात घेतली, उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. मागे तीन नावं होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. डॉक्टर म्हणाले, पहिलं रंगद्रव्य कमी करतं, दुसरं कातडीचा वरचा थर सोलतं आणि ती उन्हाला नाजूक होते, तिसरं स्टेरॉइड आहे, ते लाली दाबून ठेवतं. वांगासाठी आम्ही हे देतो, पण ठरावीक आठवडे, रात्री आणि लक्ष ठेवून. स्टेरॉइड महिनोन् महिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते आणि तिला त्याची सवय लागते. थांबवलं की भडका, लावलं की आराम. व्यसनासारखंच.

कोपऱ्यात 'आरएक्स' छापलेलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हेही लिहिलं होतं. त्वचेवर लावायची अशी १४ स्टेरॉइड्स २०१८ मध्ये केंद्र सरकारने शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच्या औषधांत आणली. मी रोज दुसऱ्यांचा कोड ओळ न् ओळ तपासतो. एक स्वल्पविराम चुकला तरी परत पाठवतो. आणि बहिणीच्या तोंडाला लावायच्या ट्यूबवरच्या चार ओळी मी वाचल्या नव्हत्या.

बाहेर आल्यावर मी विचारलं, 'अगं, तू तरी एकदा बघायचंस.' ती म्हणाली, 'दादा, तू आणली होतीस ना. म्हणून बघितलं नाही.'

यावर काय बोलणार?

बरं व्हायला सहा महिने लागले. आता ती ठीक आहे. गालावर बारीक लाल शिरा राहिल्यात आणि उन्हात चेहरा लगेच तापतो.

आमचं त्यातल्या त्यात थोडक्यात निभावलं. अकोल्यात एकाच घरातल्या तिघीजणींनी पार्लरवालीकडून मिळालेली गोरेपणाची क्रीम वापरली आणि तिघींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला तेव्हा क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. आपल्याकडे अशा क्रीममध्ये चुकून राहिलेला पारासुद्धा दहा लाखांत एक भाग, याहून जास्त चालत नाही. बिननावाच्या डबीवर हे कोण मोजणार?

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ते वाईट नाही, एक्झिमावर ते नीट कामाला येतं, पण डॉक्टरने सांगितलं तरच आणि तितकेच दिवस. जांघेतल्या गजकर्णावर तर स्वतःहून ते अजिबात नको. खाज थांबते आणि बुरशी आतून पसरते. मुलांनो, हे तुमच्यासाठी. दोन, लेबल नसलेली, कंपनीचा पत्ता नसलेली क्रीम घरात घेऊ नका, मग ती कितीही 'आयुर्वेदिक' असो. तीन, अशी ट्यूब आधीच बरेच दिवस लावत असाल तर आज घाबरून एकदम फेकू नका. ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, कशी सोडायची ते सांगतील. फी परवडत नसेल तर सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जा.

आणि एक शेवटचं. आपण देहूच्या शेजारचे लोक. सावळ्या विठ्ठलापुढे डोळे भरून उभे राहतो आणि घरी येऊन बायोडेटात 'वर्ण: गोरा' लिहितो. सावळी असेल तर 'निमगोरी', गव्हाळ असेल तर 'उजळ'. माझ्या बहिणीचा चेहरा उन्हाने काळवंडला होता, एवढंच. स्कार्फ बांधून थोडं थांबलो असतो तर काही महिन्यांत तो आपोआप निवळला असता. तिला मी ट्यूब दिली. 'तू छान दिसतेस' हे म्हणायला मात्र विसरलो.

आज घरी गेलात की आरशासमोरच्या कप्प्यातल्या सगळ्या ट्यूब काढा, उलट्या करा आणि वाचा. अक्षरं बारीक असतील तर मोबाईलने फोटो काढून मोठी करा. त्यातलं एखादं नाव सापडलं तर हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. 'गुड मॉर्निंग'च्या फुलांपेक्षा नक्की उपयोगाचा आहे.

चला, आता पंखा लावतो. पुढच्या भागात भेटू. सावलीत राहा, पाणी प्या, काळजी घ्या!