पंखांवरील वर्तुळ



आकाशात शत्रू कोण आणि मित्र कोण, हे ओळखण्यास वैमानिकाला क्षणभराचाच अवधी मिळतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानांवरील वर्तुळाच्या मध्यभागी लाल ठिपका असे, तर जपानी विमानांवर तांबडा सूर्यगोल. या साम्यामुळे स्वपक्षाच्याच तोफांनी आपले विमान पाडण्याचा धोका होता. म्हणून ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील विमानांवरून लाल रंग काढून टाकण्यात आला. उरल्या निळ्याच्या दोन छटा, गडद आणि फिकी.

१९४४ मध्ये इंफाळच्या रणभूमीवर अर्जन सिंग यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या स्क्वाड्रनची हरिकेन विमाने झेपावली, ती याच आघाडीवर. त्या पराक्रमाबद्दल त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ लाभला. वैमानिक आपले, चिन्ह मात्र परक्या सत्तेचे!

स्वातंत्र्यानंतर काही काळ विमानांवर अशोकचक्र झळकले आणि १९५० पासून केशरी, पांढरे, हिरवे वर्तुळ आले. १९६५ च्या युद्धात या तिरंगी वर्तुळाच्या वायुदलाचे प्रमुख होते तेच अर्जन सिंग.

परक्या चिन्हाखाली कमावलेले रणकौशल्य त्या पिढीने स्वतंत्र राष्ट्राच्या चरणी वाहिले. ते वर्तुळ पाहताना एवढे स्मरण आपण अवश्य ठेवावे.